घट

मी डाळ मिलमध्ये हिशेब लिहिते, एमआयडीसीत.
क्विंटलभर तूर आत जाते,
बाहेर येते डाळ, चुनी, साल,
आणि एक रकाना उरतो : घट.
तो कुणाच्याच नावावर नसतो,
पण लिहिल्याशिवाय वही जुळत नाही.

काल जळगावच्या कोर्टात हेमंतच्या वकिलांनी
चार्वीचे महिने मांडले.
आधी भुसावळला चार रात्री, आता अकरा.
पोटगी नऊ हजार, भागिले तीस,
रात्रीचे तीनशे.
अकरा त्रिक तेहेतीस, तेहेतीसशे वजा.
"बाईंना सत्तावन्नशे पुरेत."
भागाकार बरोबर होता. मी मनात पडताळला,
सवयच आहे.

मला सांगायचं होतं, घरमालक रात्री मोजून भाडं घेत नाही,
व्हॅनवाला रिकामी सीट हिंडवतो आणि पैसे पुरे घेतो,
दम्याचे पंप आता दोन लागतात, कंपासपेट्या दोन,
आणि हवी ती वही नेमकी दुसऱ्या घरी.
एवढं सगळं घशाशी येऊन
निघालं एवढंच :
"गणित बरोबर आहे, साहेब. घट धरलेली नाही."
टायपिस्टने विचारलं, काय लिहू?

एका तारखेला मात्र दोन्ही वकील अडले.
त्या रविवारी नशिराबादजवळ गाडी पंक्चर,
पोर दारात आली तेव्हा दीड वाजलेला.
त्याच्या जॅकेटात गुंडाळलेली, गाढ झोपेत,
मुठीत ट्यूबच्या व्हॉल्व्हची टोपी.
ती रात्र कुणाच्या खात्यात?
हेमंतने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
"तुझ्यात धर," तो म्हणाला.
"राहू दे तुझ्यातच."
कितीतरी महिन्यांनी आम्ही
एकमेकांना काहीतरी देऊ करत होतो.

आणि गेल्या महिन्यात तिला ताप होता तेव्हा
त्याचा फोन : आजची रात्र राहू दे का इथेच?
मी नाही म्हणाले.
आधी ताप आठवला होता की तीनशे,
हे अजून मी मलाच सांगितलेलं नाही.

निकालाला पुढची तारीख पडली.
संध्याकाळी चार्वी कॅलेंडरपाशी बसून,
तोंडात पेन्सिल :
"आई, फेब्रुवारीत अठ्ठावीसच.
मग दोन कुणाकडचे कमी होतात?"

पेन्सिल काढ तोंडातून, म्हटलं,
जेवायला ये.
भरीत गार होतंय.