शब्दकोशात घालू?

नवा संगणक दुपारच्या फेरीबोटीने बेटावर आला,
योसेपच्या गाडीत, मागच्या सीटवर, पट्टा लावून,
पाहुण्यांच्या लेकरासारखा.

जुना एकोणीस वर्षं त्याच टेबलावर.
चालू केला की आधी खोकायचा,
मग सांगायचा : आज एक जानेवारी दोन हजार दोन.
आतली नाण्याएवढी बॅटरी केव्हाच संपली होती.
मी रोज त्याला हाताला धरून आजच्या तारखेपर्यंत आणायचे,
कॉफी उकळेपर्यंत.
तीन युरोंत नवी बसली असती, योसेप म्हणाला.
आता सांगतोस?

पोरगा हुशार. दोघांमध्ये एक तार जोडली,
निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली,
मधमाश्यांचे हिशेब, वीजबिलं, हेल्गीच्या लग्नातली अर्धी फीत,
सगळं अकरा मिनिटांत पलीकडे.
मुख्य भूमीवर जायला मला याहून जास्त वेळ लागतो.
सगळं आलं, तो म्हणाला,
आणि जुन्याला पुसायला लावलं.

मी खडकांची फाइल उघडली.
आमच्या किनाऱ्यावर तीनशे बारा खडकांना नावं आहेत,
नकाशात त्यांतली नऊ.
कुठे कुणाची होडी फुटली, कुठल्यावर सील झोपतात,
कुठल्याला बर्फाने शंभर पावलं ढकललं
तरी त्याने नाव सोडलं नाही :
वडिलांनी वल्ह्याने दाखवून दाखवून सांगितलेली.
आली होती सगळी.
पण एकेका नावाखाली लाल नागमोडी रेघ,
मास्तरीणबाईंनी वही परत केल्यासारखी.

मास्तरीणबाई खऱ्याच होत्या. टालिनहून आलेल्या.
आमच्या भाषेत एक अक्षर आहे, डोक्यावर लाटेची टोपी घातलेलं.
पलीकडचे लोक ते घशातून काढतात,
आम्हा सारेमाकरांना काही ते साधत नाही.
आम्ही दोन टिंबांच्या अक्षरावर भागवतो,
बोलताना सगळेच, आणि मी लिहितानासुद्धा.
त्यापायी तिसरीत कोपऱ्यात उभी राहिले आहे.

जुना शिकला होता.
आधी तोही लाल व्हायचा,
मग विचारायचा : शब्दकोशात घालू?
घाल बाबा, घाल.
शेवटी शेवटी पान भरून लिहिलं तरी गप्प.
मला वाटायचं, मीच सुधारले.

ते कुठे असतं रे?
काय?
तो जे शिकला, ते.
योसेपने शोधलं, कान खाजवला, परत शोधलं.
असते एक छोटी फाइल, म्हणाला, लपलेली.
पण डिस्क तर पुसली.
तुम्हीच म्हणालात, नीट पूस, कुणाला काही मिळायला नको.

म्हणाले होते.

जाताना जुना त्याने काखेत मारला.
कीबोर्ड मी ठेवून घेतला.
दोन टिंबांच्या बटणावर आता काहीच नाही,
लाटांतल्या गोट्यासारखं गुळगुळीत.
लाटेच्या टोपीचं मात्र आणलं तसंच, अक्षर पांढरंशुभ्र.
त्याचं गोल टोक नव्याच्या कुठल्याच भोकात जाईना.
मध्ये लावायचं काहीतरी मिळतं म्हणे. सोमवारी येईल.

सकाळी कॉफी चढवून बसले, नव्याच्या परक्या बटणांवर.
पहिला खडक. वडिलांचा पाय घसरला तो.
लाल.
उंदराचं उजवं बटण.
पहिल्या दिवशीच्या कारकुनाच्या अदबीने तो विचारतो :
शब्दकोशात घालू?

रेघ गेली.
उरले तीनशे अकरा.

कोपऱ्यात तारीख बरोबर होती, न सांगता,
आणि कॉफी उतू गेली.