सोडणारा

माझं काम वर नेणं आणि सोडणं.
दोनशे किलोचा ठोकळा, साखळीनं, तीन मीटर.
उद्यमबागेत बावीस वर्षं मी लोखंड ओतलं.
फाउंड्री बंद पडली
तेव्हा या कॉलेजच्या लॅबनं ठेवून घेतलं.
इथं ओतायचं नसतं, मोडायचं असतं.

हिरेमठ सर मोजतात: वंदु, यरडु, मूरु...
"बिडु" म्हणाले की मी सोडतो.
रेणुका काकतकर कानांत कापूस घालून
जाळीच्या पलीकडे, वहीवर पेन टेकवून.

पोकळ नळी आधी.
तिचा आवाज अख्ख्या इमारतीला कळला,
खाली कँटीनमध्ये कप हलले म्हणे.
आणि ती बसली, मधोमध,
पायाखाली आलेल्या तेलाच्या डब्यासारखी.
नुसत्या काँक्रीटचा खांब तर विचारूच नका,
खडी माझ्या चपलेपर्यंत आली.

मग भरलेली.
पत्रा तोच, चार मिलिमीटर. काँक्रीटही तेच,
अठ्ठावीस दिवस ओल्या गोणपाटात निजवलेलं,
रविवारीसुद्धा मच्छेहून सायकल मारत येऊन
मी पाणी घातलेलं.
बिडु.

आवाज नाही. म्हणजे होता, पण जमिनीत गेला,
भाताचं पोतं टाकल्यासारखा.
ठोकळाच उसळला एकदा, बिचकून.
नळीला तळव्याएवढा खळगा. नऊ मिलिमीटर.
सर म्हणाले, पत्रा आतल्याला पसरू देत नाही,
आतलं पत्र्याला आत वळू देत नाही.
मला वाटलं, आता सीमेचं, भाषेचं काही काढतील,
इथं काढतातच.
त्यांनी चहा मागवला.

"आघातानंतरची स्थिती" या रकान्यात
रेणुकानं लिहिलं: उभी.

दुसऱ्या दिवशी गॅस कटरनं चिरायची होती.
त्याआधी सवयीनं पेरानं वाजवली,
खानापूरच्या बाजारात फणस वाजवतात तशी.
खळग्याखाली
पिकल्याचा आवाज आला.

पत्रा सोलला.
आत भेगा, हातभर, आडव्या, तिरक्या,
आणि मधे पीठ. नुसतं पीठ.
फुंकर मारली तर उडेल असं,
आणि तरी जागचं हललं नव्हतं,
कालच्याच आकारात.

सर वाकून बघत राहिले.
"काका, आता काय लिहू?"
रेणुकानं मलाच विचारलं.
"उभी होती, तेबी खरं हाय की."

ती लिहीत होती की खोडत होती, मी पाहिलं नाही.
सुपलीत पीठ भरून घेतलं.
कोमट होतं,
कटरमुळं.