पिशवीतला हात

नळ साडेसहाला येतो, पावणेआठला जातो.
तेवढ्यात दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची,
आणि तिसरी राखीव,
सोमवंशी काकांच्या पाइपनं, काका उठायच्या आत.
पत्रा गार असतानाच करायचं असतं हे.
डिसेंबरात सिडकोत पत्रा गारच असतो,
माझी बोटंही.

दोनदा धुतली. फेस बॉनेटवरून घरंगळला
आणि खाली पांढरी गाडी निघाली,
अगदी शोरूममधली, असं निषाद म्हणाला,
ज्यानं शोरूम फक्त काचेबाहेरून पाहिलंय.
ही आमच्याकडे आली तेव्हाच सहा वर्षांची होती.
मी हात फिरवला. गुळगुळीत.
"असं नाही," म्हणाला,
आणि शेवेची रिकामी पिशवी उलटी करून
माझ्या हातात चढवली.

माझं कामच हे आहे.
अंबडला, काचेच्या खोलीत, एसी वीस अंशांवर,
हिऱ्याच्या टोकाची सुई शाफ्टवरून ओढायची.
शून्य पूर्णांक चार मायक्रॉन, पास.
त्याच्या पुढं एक केसभर गेलं की परत.
शॉपमध्ये मला माघारी नापासबाई म्हणतात.
आणि इथं शेवेची पिशवी
मला सांगत होती
की माझ्या दारावर कुणीतरी रवा पेरून ठेवलाय.

मग ते औषध फवारलं.
वास असा की काकांची खिडकी उघडली,
"कांदा सडलाय का हो तुमच्यात?"
मिनिटभर काही नाही.
मग हँडलखाली एक ठिपका जांभळा झाला.
त्याच्या शेजारी दुसरा.
मग सगळं दार, मग मडगार्ड,
ओघळ खाली फरशीपर्यंत,
जांभळाच्या झाडाखाली महिनाभर उभी असल्यासारखी.
निषाद घाबरला. "आई, रंग जातोय?"

रंग नाही रे. लोखंड आहे.
ग्राइंडिंग शॉपचा एक्झॉस्ट फॅन
आणि त्याच्याखाली तिसऱ्या रांगेत माझी जागा,
चार वर्षं, सावली मिळते म्हणून.
कण उडतो तेव्हा तापलेला असतो.
बसला की आत रुततो.
वरून धुवा किती.

अण्णांच्या बनियनवर असेच असायचे,
तांबडे, डाव्या बाजूला जास्त,
चाकाकडे तीच बाजू.
आई लिंबू चोळायची, मीठ लावायची,
गच्चीवर उन्हात टाकायची. निघायचे.
सातपूरची ती कंपनी गेली,
तिथं आता लॉन्स आहे, परवाच एका लग्नात जेवून आले.
एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टरांनी
हेच ठिपके दाखवले
तेव्हा आईनं पहिल्यांदा विचारलं होतं,
धुतलेत का नीट.

शेवटी माती. निळी, कणकेएवढी मऊ.
पाणी मारत मारत फिरवायची,
आधी किरकिरते, मग आवाज थांबतो,
आवाज थांबला की तेवढं झालं.
मळली की मुडपून नवी बाजू काढायची.
खाली पडली तर मात्र टाकायची,
एक खडा सगळ्या गाडीवर रेघा ओढेल.
पडली. साडेतीनशे रुपये.
मी उचलली, चष्म्याजवळ नेली,
निषादनं माझ्याकडे पाहिलं.
नापास.

चार दारं, बॉनेट, डिकी झाली.
छप्परावर ऊन आलं, माती संपली, ते राहिलं.
पिशवी हातातच होती.
तीच निषादच्या पाठीवरून फिरवली,
मानेपासून खाली, सावकाश.
"गुदगुल्या होतात. काय शोधतेयस?"
काही नाही.

सोमवारी गेटवर गांगुर्डे म्हणाले,
मॅडम, तुमची जागा मोकळी आहे.
मी पार पलीकडे लावली, कंपाउंडला, उन्हात.
तिथून काचेच्या खोलीपर्यंत
दोनशे दहा पावलं चालावं लागतं,
फॅनच्या खालूनच.