कणी

सेंट लुईच्या धक्क्यावर गोणी फुटली
तेव्हा कुणी वाकूनही पाहिलं नाही.
सायगावच्या गिरणीतला चाळ तो,
अख्खा दाणा आधीच मार्सेला गेलेला.

इथल्या शेतात भुईमूग, तोही जहाजासाठी.
बाजरी कुठे पेरायची?
बायकांनी टोमॅटो परतला,
माशाला चिरा देऊन लसूण-मिरची ठासली,
मासा शिजला त्याच पाण्यात
कणी वैरली.
चेबुजेन.

आता मारेमच्या वाण्याकडे लांब दाण्याचा तांदूळ असतो.
ती मूठभर घेते, हुंगते, परत पोत्यात सोडते.
"याला तहानच नाही रे.
मोडका दे, रस्सा पिणारा."

परात मधोमध, भोवती सात हात.
मासा सगळे एकमेकांकडे सरकवतात.
भांडण फक्त खरवडीवरून,
आणि धाकटा बिरान
अजून पातेलं खरडतोय.