मपलं

लाईट गेली तेव्हा बासष्ट झाल्या होत्या.
शंभर मोजायच्या असतात.
मी सूक्ष्मदर्शकाचा आरसा खिडकीकडं वळवला
आणि सेलूचं वैशाखातलं ऊन
काचेवरच्या एका थेंबात शिरलं.

मुंजाजी गिराम, वय चार.
तळपायात बाभळीचा काटा, आठ दिवसांचा.
आई म्हणाली, "अंग तव्यावानी तापलंय बाई,
मपलंच लेकरू मला वळखीना झालंय."

त्रेसष्ट. चौसष्ट.
जांभळ्या गाठीगाठींच्या ह्या पेशी
हाडांच्या पोकळीत जन्मतात,
रक्तात जेमतेम एक दिवस काढतात,
वास काढत काट्यापर्यंत जातात,
परकं दिसेल ते गिळतात
आणि तिथंच मरतात.
आपण त्याला पू म्हणतो.
सिस्टर कापसानं पुसतात,
बोळा पिवळ्या बादलीत टाकतात.

आज काही कोवळ्याही दिसताहेत,
गाठी न पडलेल्या, नुसत्याच वाकलेल्या.
म्हणजे हाडांनी
शिकती पोरंही कामाला धाडलीत.
ताप तर त्यांनीच मागवलाय.
हे आईला कसं सांगावं,
की चूल लेकराच्याच अंगानं पेटवलीय?
ती दारात, ओला पदर हातात धरून.
मी म्हणते, बसा. फॅनखाली बसा.
मग आठवतं, लाईट नाही.

परभणीला शिकताना एक मॅडम सांगायच्या,
छातीच्या हाडामागं एक शाळा असते,
लहानपणी मोठी, पुढं झिजत जाणारी.
पेशींना तिथं एकच धडा, आपलं कोणतं.
आमच्याकडं म्हणतात, मपलं.
जी मपल्यावरच हात उचलेल
तिला तिथंच संपवतात.
शंभरातल्या दोन-चार बाहेर पडतात.
आम्ही मागच्या बाकावर हसलो होतो,
त्यापेक्षा बोर्डाचा निकाल बरा.

माझ्या शाळेतून कोणीतरी सुटलं असणार.
तीन वर्षं झाली.
सकाळी बोटं उघडत नाहीत,
भाकरी थापताना मनगट ओरडतं.
माझ्या रक्ताची नळी मीच लावली,
रिपोर्ट मीच लिहिला,
खाली सहीही माझीच.
काटा नाही, जंतू नाही,
बाहेरून कोणी आलेलंच नाही.
राखणदारानं अंधारात
घरधन्यालाच ओळखलं नाही, एवढंच.
राग येत नाही त्यांचा.
जन्मापासूनचं जागरण आहे,
चूक होते.

शंभर.
त्यातल्या एक्क्याऐंशी त्याच, गाठींच्या.
आकडा लिहिला.
आता डॉक्टर इंजेक्शन लिहितील, उतार पडेल.
त्याआधी आठ रात्री कोण जागं होतं
त्यासाठी छापील कागदात रकाना नाही.

पुढच्या पेशंटची काच रंगवायची होती.
बाटलीचं झाकण फिरेना.
ॲप्रनच्या टोकात धरून पाहिलं,
टेबलाच्या कडेवर आपटून पाहिलं.
मुंजाजीची आई बघत होती.
"द्या बाई इकडं."
एका पिळ्यात उघडून दिलं तिनं.
अंगठ्यावर जांभळा डाग पडला.
पदरानं पुसला, तो आणखी पसरला.
"जातो ना ह्यो?"

जातो, म्हटलं.
चार दिवस लागतात.