अर्जातला सातवा रकाना

प्राणी स्पर्शाला प्रतिसाद देतो का?
होय / नाही. योग्य तिथे खूण करावी.

पेन उघडून बसले आहे कधीची.
बाहेर जहरात एकोणपन्नास अंश,
आत एसीने गारठलेली खोली नंबर चार
आणि पेटीत दब्बू :
वाळवंटातला काटेरी शेपटीचा सरडा, वजन सव्वा किलो,
चेहरा उधारी बुडालेल्या वाण्याचा.

आधी कुत्रा आणला होता.
सोनेरी, प्रमाणपत्रवाला.
तो आल्या आल्या सगळ्यांवर प्रेम करायचा
आणि हरेश्वर तांडेल भिंतीकडे तोंड फिरवायचा.
प्रेमाला उत्तर द्यावं लागतं ना.
परांचीवरून जोडीदार पडला त्या दुपारपासून
चार महिने त्याने कुणालाच उत्तर दिलेलं नाही,
घरून येणाऱ्या फोनलाही.

दब्बूला उत्तर नको असतं.
तो ओळख ठेवत नाही, जिव्हाळा तर नाहीच.
तांडेलच्या छातीवर ठेवला की सपाट पसरतो
आणि ऊब पीत राहतो,
करड्याचा हळूहळू पिवळा होत.

सरड्यासारखे रंग बदलणं ही आपल्याकडे शिवी.
मी मात्र तो रंग घड्याळासारखा बघते :
सोळाव्या मिनिटाला मान, पंचविसाव्याला पाठ.
म्हणजे या माणसाच्या अंगात अजून
दुसऱ्याला पुरेल एवढं ऊन आहे.

दारावरचा अबू मिशारी हसतो,
"आमचे आजोबा याला भाजून खायचे, सिस्टर.
तेही औषधच म्हणायचे."
डॉक्टर हिस्सांना जंतूंची धास्ती,
म्हणून नियम : आधी साबण, नंतर साबण.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ठाऊक आहे.
तांडेलची कॅम्पच्या गेटपर्यंत होती,
माझी हॉस्टेलच्या.
ते असो.

काल त्याने दब्बूचा पुढचा पाय दोन बोटांत धरला,
जोड तपासावा तसा, उजेडाकडे वळवून,
आणि म्हणाला,
"नखं वाढलीत ह्याची. कानस आहे का?"

मी धावत मेंटेनन्सला गेले.
त्यांनी सही मागितली, कारण मागितलं,
मला अरबीत कारण सांगता येईना.
परत आले तर दब्बूने त्याच्या शर्टावर घाण केलेली
आणि तांडेल दोन्ही हात अधांतरी धरून
साबणाची वाट बघत बसलेला.

आता 'नाही'वर खूण करते.
समासात, बारीक अक्षरात :
कानस, नग एक, मऊ दातांची.