पाट्या मी लिहायचो

"नाथ, क्षमा असावी" ही पाटी माझी.
भिवरा खरं काय म्हणाली होती
ते फक्त तांबट आळीला कळायचं.
जन्मभर हातोड्यांच्या गोंगाटात
ओठ वाचूनच जगलेली माणसं;
सतीच्या विलापात
पुढच्या बाकांवर खदखदून हसायची.
"मेल्यांनो, या मुकुटात ढेकूण आहेत,"
असलं काहीतरी, मला नंतर कळलं.

मग बोलपट आला.
यंत्रापुढं ती बोलली
आळीत बोलतात तशी,
चौथ्या दुकानात ऐकू जावं एवढ्यानं.
साहेबानं कानावरचं काढून ठेवलं.

परवा गंगेवर दिसली,
समोरच्या घाटावर, हंडा घाशीत.
मला बघून
ओठ हलवले नुसते, बराच वेळ.
मी मान डोलावत राहिलो.
काय लिहू?